इंद्रभानच्या डोक्यातल्या लाइनी

धाड गावच्या शिवारात जमिनीवर जेवढे धुरे, म्हणजे बांध, आणि गाडरस्ते आहेत, त्याहून जास्त नळ्या जमिनीखाली आहेत. कुणाची विहीर एका टोकाला तर वावर दुसऱ्या टोकाला. कुणी तलावातून तीन-तीन किलोमीटर पाणी आणलेलं, तेही चार जणांच्या वावराखालून. सातबारा काढला तर त्यावर विहीर सापडते, बांधावरचं आंब्याचं झाडही सापडतं, पण साडेतीन फूट खाली पुरलेली पाइपलाइन कुठून कुठे जाते याचा कागद कुणाकडेच नाही. तो नकाशा एकाच ठिकाणी होता, इंद्रभानच्या डोक्यात.

एकोणनव्वद साली त्यानं पहिली लाइन टाकली. तेव्हापासून पस्तीस वर्षं तो हेच करत आला. चर खोदायचा, पाइपाचं तोंड कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर तापवायचं, मऊ झालं की दुसरा पाइप त्यात दाबून बसवायचा, वर माती लोटायची आणि पुढे सरकायचं. शाळा सातवीपर्यंत झालेली. पण कुठे जोड आहे, कुठे अडकलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह आहे, कुठे खडक लागला म्हणून लाइन दोन हात डावीकडे वळवली, हे सगळं त्याला पाढ्यांसारखं पाठ. कुणाची लाइन फुटली की इंद्रभानला बोलावणं यायचं. तो यायचा, जरा इकडेतिकडे पाहायचा आणि चपलेची टाच जमिनीवर आपटून म्हणायचा, "इथी खोद." तिथे खोदलं की पाइप निघायचाच. या टाच आपटण्याचा त्याला थोडा गर्वही होता, आणि तो असायलाही हरकत नव्हती. गावात कुणाला हुंड्याचा गर्व असतो, कुणाला ट्रॅक्टरचा. त्यापेक्षा हा बरा.

दोन वर्षांमागच्या माघात गणेशनं शेततळं खोदायला मशीन आणलं. गणेश म्हणजे चाळिशीचा, हुशार, कांद्याचं बियाणं पिकवणारा शेतकरी. त्याच्या वावरातली तलावाची लाइन त्याच्या वडिलांच्या वेळी इंद्रभाननंच टाकलेली. मशीन सुरू करण्याआधी गणेशनं रीतीप्रमाणे विचारलं, "काका, लाइन कुठून गेली?" इंद्रभाननं टाच आपटली. "इथून. याच्या पलीकडं बिनधास्त खोद."

मशीनचा दात तिसऱ्या घावाला बरोब्बर पाइपात घुसला. तलावावर मोटर चालू होती, त्यामुळे पाणी माणूसभर उंच उडालं. कांदा फुलावर होता. तुटलेल्या पाइपाच्या मापाचा तुकडा मिळवून जोडेपर्यंत तीन दिवस पाणी बंद राहिलं. पीक वाचलं, पण गणेश तीन दिवस धड जेवला नाही.

गणेशनं आरडाओरड केली असती तर इंद्रभाननं दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि चार दिवसांनी प्रकरण मिटलं असतं. पण गणेश गुणाचा पोरगा. तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या काका, वय झालं तुमचं." पुढच्या वेळी गावातल्याच हिंमतरावाच्या विहिरीवरची लाइन गळायला लागली तेव्हा हिंमतरावांनी चिखलीहून माणूस आणला. तो इंद्रभानच्या दारावरून गेला. इंद्रभाननं त्याला पाहिलं आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

विसरणं तसं आधीपासूनच सुरू झालं होतं, पण घरात त्याला कुणी विसरणं म्हणत नव्हतं. एकच गोष्ट सकाळी तीनदा सांगितली तर सून वंदना तीनदा हसून "हो का मामाजी" म्हणायची. मोठ्या माणसाला टोकायचं नाही, ही तिला माहेरची शिकवण. पण एके दिवशी तो विहिरीवरून परत येताना स्वतःच्याच धुऱ्यावर थबकला आणि कुठल्या बाजूला वळायचं हे त्याला पाच मिनिटं कळेना. हे वंदनानं लांबून पाहिलं. ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला फोन केला आणि सासऱ्याला बुलढाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब तपासला, गोळ्या वेळेवर घेता का ते विचारलं आणि उत्तर ऐकून भुवया उंचावल्या. मग मेंदूचा फोटो काढून आणायला लावला. पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग ते पाच शब्द विचारले. इंद्रभानला दोन आठवले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर बाराही आकडे त्यानं एका बाजूला दाटीनं बसवले.

"मेंदूत अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात," बाई फोटो उजेडापुढे धरून म्हणाल्या. "रक्तदाबानं त्या कडक झाल्यात. काही ठिकाणी रक्त पुरेसं पोचत नाही. तुम्ही काय काम करता?"

"पाइपलाइनचं."

"मग तुम्हाला सोपं आहे. ठिबकच्या शेवटच्या नळ्यांना पाणी पोचेनासं होतं, तसंच."

इंद्रभानचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. हे दुखणं त्याच्या धंद्यातलं निघालं होतं. "मंग पंप वाढवा न बाई," तो म्हणाला.

"पंप तुमच्या छातीत आहे. तो तुम्हीच वाढवायचा. रोज चाळीस मिनिटं चालायचं, भरभर. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये, इतकं भरभर. चालताना मेंदूकडे जास्त रक्त जातं, आणि महिनोन्‌महिने चाललात की वाहिन्याही जरा लवचीक राहतात. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"अन् मंग समदं आठवन?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. आहे ते जास्त दिवस टिकेल. थोडंफार सुधारेलही. सहा महिन्यांनी पुन्हा शब्द विचारते."

परतीच्या बसमध्ये इंद्रभान बोटांवर मोजत बसला. त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता. शिवारात सत्तरच्या वर लाइनी. एकीचाही कागद नाही. त्या पुसल्या गेल्या तर आपण काय राहिलो? खाटेवर बसून चहा पिणारा बुढा. असे बुढे गावात पुष्कळ होते आणि त्यांच्याबद्दल त्याचं मत कधीच चांगलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र सगळं उलटंच सुरू झालं. डोक्याचं दुखणं म्हटल्यावर भेटायला येणारे केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आले, आणि जो तो सांगून गेला की आता डोक्याला ताण नको, पडून राहा. बायको सुभद्राबाईनं पाण्याचा तांब्या उशाशी आणून ठेवला. वंदना ताट खाटेवर देऊ लागली. बापाला या वयात हिंडायला लावलं तर लोक राजकुमारला काय म्हणतील, ही काळजी. राजकुमार म्हणजे मुलगा. तो संभाजीनगरला कंपनीत होता आणि फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. "बाबाले उठू देऊ नका," असं तो रोज सांगायचा. पंधरा दिवस इंद्रभान असा पडून राहिला आणि त्या पंधरा दिवसांत डोकं आणखीच जड झालं. शेवटी वंदनानंच डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे धरला. "मामाजी, याच्यात चालणं लिवलं हाये, झोपणं नाई."

इंद्रभान चालायला निघाला. सकाळी सात वाजता, बुलढाण्याच्या रस्त्यानं.

आता आमच्याकडे रस्त्यानं पायी जाणारा माणूस ही काय चीज आहे, ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं. कामाशिवाय कुणी चालत नाही, आणि काम असलेल्याला पायी जाऊ देणं हे गाडीवाल्याला शोभत नाही. पहिल्याच दिवशी शंभर पावलांवर मोटरसायकल थांबली. "काका, पायी काऊन? बसा न." इंद्रभान म्हणाला, "नाई, चालून राह्यलो." "हाव, चालूनच राह्यले न, कुठी चालले? बसा." याला उत्तर काय द्यायचं? सहासष्ट वर्षांच्या माणसानं सांगायचं की मी कुठेच चाललो नाही, नुसता चालतो आहे? नको म्हटलं तर समोरच्याला राग, की याला आमची गाडी चालत नाही. इंद्रभान बसला. पुढच्या फाट्यावर उतरला. परतीला शेषरावाची काळीपिवळी जीप आली. शेषरावानं पुढची सीट रिकामी करवून त्याला घरापाशी आणून सोडलं.

हे महिनाभर चाललं. दूधवाल्यानं नेलं, शाळेच्या मास्तरांनी नेलं, एकदा तर टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटवर बसून तो पार अर्ध्या वाटेपर्यंत गेला. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. बरोबर चाळीस मिनिटांनी परत यायचं, ओसरीवर बसून 'हुश्श' करायचं. सुभद्राबाईचा नवरा पस्तीस वर्षं चर खोदून घरी आलेला. घाम म्हणजे काय हे तिला शिकवायला नको होतं. एके दिवशी तिनं त्याच्या सदऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"काऊन हो, घाम कुठी ठेवून आले?"

इंद्रभाननं सगळं कबूल केलं. सुभद्राबाई आधी पदर तोंडाला लावून हसली, मग चिडली.

"मंग रस्त्यानं कायले जाता? वावरातून जा. तुमच्या लाइनीवरून. तिथी कोणाची मोटरसायकल येते?"

त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला. अडचण काय ते सुभद्राबाईला माहीत होतं. वावरातून जायचं म्हणजे गणेशच्या धुऱ्यावरून जायचं. जो दिसेल तो मनात म्हणेल, पाहा, आपलीच लाइन शोधत फिरतोय. चोराच्या मनात चांदणं. गावात प्रत्येकाला आपापलं पडलेलं असतं, पण लाजलेल्या माणसाला ते पटत नाही.

"म्या येते संग," ती म्हणाली. "कोणी इचारलं तं सांगीन, म्हशीसाठी गवत पाहून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. तो पुढे, ती विळा आणि पोतं घेऊन मागे. तलावापासून निघणारी लाइन धरली. लाइन जमिनीखाली, ते वर. पहिल्या दिवशी चढावर त्याचा दम इतका लागला की गाणं सोडाच, बोलताही येईना. आठवड्यानं बोलता यायला लागलं, तर त्यानं सुभद्राबाईचं डोकं खायला घेतलं. इथे खडक लागला होता, इथे शिवदास नावाचा गडी विंचू चावून पडला होता, इथे एअर व्हॉल्व्ह. कधी व्हॉल्व्ह त्यानं सांगितलेल्या जागी असायचा, कधी वीस पावलं पुढे निघायचा. वीस पावलं पुढे निघाला की त्याचं तोंड उतरायचं. सुभद्राबाई तेवढ्या वेळात गवत कापून घ्यायची. पोतं रोज भरायचं. म्हशीची मजा झाली.

तीन महिन्यांत दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्या. एक, चालून आल्यावर तासभर डोकं लख्ख असायचं. पेपर कालचा की आजचा हे कळायचं, फोनवर राजकुमारला उलट बोलता यायचं. दुसरी, खाटेवर पडून जी लाइन आठवत नाही ती कधीकधी तिच्यावर उभं राहिलं की आठवते. सगळ्या आठवतात असं नाही. काही ठिकाणी उभं राहिलं की खाली नुसती माती जाणवायची, आणि तो तिथून भराभर पुढे सरकायचा.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द विचारले. तीन आठवले. घड्याळाचे आकडे निदान गोल बसले. रक्तदाब खाली आलेला.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "घसरलं नाही."

"एकच शब्द वाढला बाई. सहा महिने चाललो."

"काही लोकांचे सहा महिन्यांत दोनाचे शून्य होतात."

इंद्रभानला तरी वाईटच वाटलं. त्याला पाचच्या पाच हवे होते. परत येताना बसमध्ये तो वंदनाला म्हणाला, "माह्या लाइनी आता कोणी इचारत नाई, तं एक शब्द वाढून का करू?" वंदनानं पिशवीतून गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

पुढच्या वर्षी कांद्याचं बी काढून झाल्यावर वैशाखात गणेशनं भाजीपाला लावला, आणि त्याच सुमारास त्याच्या लाइनीचा दाब गेला. तलावावर मोटर जोरात, आणि वावरात पाणी मुतल्यासारखं. कुठेतरी जमिनीखाली जोड सुटला होता आणि उन्हाळ्याची तहानलेली जमीन पाणी वर येऊ न देता पिऊन टाकत होती. चिखलीच्या माणसानं चार खड्डे खोदले. चारही कोरडे. पाचव्या दिवशी सकाळी गणेश इंद्रभानच्या ओसरीसमोर उभा राहिला. आत आला नाही.

"काका," तो म्हणाला, "येता का?"

इंद्रभाननं सुभद्राबाईकडे पाहिलं. तिनं चपला पुढे सरकवल्या.

वावरात मशीन उभं होतं, ड्रायव्हर तंबाखू मळत होता, चार लोक तमाशा पाहायला जमले होते. इंद्रभाननं लाइनीवरून एक फेरी मारली. मग दुसरी. लोक वाट पाहत होते की आता म्हातारा टाच आपटेल. त्याची टाच उचललीही होती. पण तो पाय त्यानं हळूच खाली ठेवला.

"गणेश," तो म्हणाला, "मले पक्कं नाई आठवत. दोन जागा वाटतात. एक ही, एक त्या पळसापाशी. मशीन नको लावू. टिकासानं खण."

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जमलेल्यांपैकी कुणीतरी खाकरलं. गणेशनं मात्र टिकास उचलला आणि स्वतःच खणायला लागला. पहिली जागा कोरडी निघाली. पाइप होता, जोड नव्हता. इंद्रभान पळसापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या छातीतला पंप असा धडधडत होता की डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं ते याच्यापेक्षा सोपं. गणेश तिथे खणू लागला. दोन फुटांवर मातीचा रंग बदलला. तीन फुटांवर चिखल लागला. मग पाण्याचा आवाज आला.

गणेश खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभा होता. त्यानं मान वर केली. "काका, तुम्ही सांगतलं नसतं की पक्कं नाई, तं म्या मशीन लावलं असतं अन् अख्खी लाइन उखडली असती."

इंद्रभानला त्या पोराला खड्ड्यातून काढून मिठी मारावीशी वाटली. अर्थात मारली नाही. "जोड नीट तापवून बसव," एवढं बोलून तो घरी आला आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गणेश पुन्हा दारात. या वेळी बूट घालून.

"आता का फुटलं?" इंद्रभाननं विचारलं.

"काई नाई. तुमच्यासंग चालतो. मले बी लाइनी दाखवा. माह्या एकल्याची नाई, समद्यायच्या." मग त्यानं जरा चाचरत जोडलं, "उद्या तुम्ही नसले तं आम्ही का मशीननं अख्खं शिवार फाडायचं?"

तोंडावर असं बोलणं शहरात उद्धटपणा समजतात. इंद्रभानला तो मान वाटला. सुभद्राबाईनं विळा खुंटीला अडकवला आणि म्हशीला त्या दिवसापासून विकतचं गवत सुरू झालं.

पावसाळा गेला, रब्बी पेरली गेली. दोघं रोज चालत. गणेशचे पाय तरुण, म्हणून इंद्रभानला वेग वाढवावा लागला, आणि डॉक्टरीणबाईंना हवा होता तो दम आता खरोखर लागू लागला. रोज एक लाइन. कुणाची, कुठून निघते, किती इंची, कुठे वळते, कुठे जोड. गणेश मोबाइलमध्ये फोटो काढायचा, खुणेचा दगड ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी इंद्रभान त्याला उभं करून विचारायचा. चुकलं की बोलणी बसायची. पस्तीस वर्षांत इंद्रभाननं चेला केला नव्हता. टाच आपटण्यात वाटेकरी नको होता, खरं कारण एवढंच. ते त्यानं गणेशला एकदा सांगूनही टाकलं. गणेश म्हणाला, "ठाऊक हाये काका, समद्या गावाले ठाऊक हाये."

पौषातल्या एका सकाळी ते हिंमतरावाच्या धुऱ्यावर पोचले. हरभरा घाट्यावर होता, थंडी कडक होती, इंद्रभानच्या तोंडातून वाफ निघत होती. तो चालता चालता थांबला. पायाखाली लाइन होती, एवढं नक्की. पण कुणाची, आणि कुठे जाते? त्यानं वाट पाहिली. तलावाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. पायांनी काही सांगितलं नाही. खाली नुसती माती होती.

"गणेश," तो म्हणाला, "इथून कोणाची लाइन जाते?"

"सकाळी सकाळी परीक्षा?" गणेश हसला. "हिंमतराव काकाची. तीन इंची. विहिरीपासून निघते, ह्या धुऱ्याखालून सरळ जाते, नाल्यापाशी डावीकडं वळते. वळणावर जोड हाये. पुढं दोन नळ्या होतात, एक संत्र्यात, एक खालच्या वावरात."

इंद्रभान ऐकत होता. त्यातलं एक अक्षर त्याला ओळखीचं लागेना. ही लाइन त्यानं स्वतः टाकली होती, गणेशला त्यानंच शिकवली होती, आणि आता ती पहिल्यांदा ऐकावी तशी तो ऐकत होता. भीती वाटली. मग गणेशच्या तोंडाकडे पाहता पाहता ती भीती बरीचशी ओसरली.

"बरोबर," तो म्हणाला. "आखीन एकदा सांग."

कडक मास्तरापुढे उभं राहावं तसा गणेश ताठ उभा राहिला आणि त्यानं विहिरीपासून पुन्हा सुरुवात केली.